पाण्याची वही हाही पुरावाच

(यावल तालुक्याच्या डोंगरपट्टीतली आश्रमशाळेची आणि कॉलेजची पोरं मोर नदीचं पाणी तपासायला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी पाड्यावर बैठक झाली. केमिस्ट्री शिकवणाऱ्या एका कार्यकर्त्याने बैठकीत केलेलं हे भाषण. टेपवरून उतरवलं आहे, बोलल्यासारखंच ठेवलं आहे. आपापल्या पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



उद्या सकाळी आपण नदीवर जाणार. पेटीत काय काय आहे ते पोरांनी काल उघडून बघितलं. आज मला वेगळं बोलायचं आहे. काल एका आजोबांनी सवाल टाकला. म्हणाले, "दावे तालुक्याला पडून आहेत, जीपीएसची मोजणी अर्धी राहिली, आणि तुम्ही बाटल्या घेऊन नदीवर कशापायी चालले?" सवाल बरोबर आहे. जमिनीच्या लढाईत पाणी तपासायचं काय काम? त्याचं उत्तर द्यायलाच मी उभा राहिलो आहे.

माझं उत्तर एका वाक्यात सांगतो, मग उलगडतो. जंगल राखायचा हक्क आपण मागतो, तर जंगलातलं पाणी कसं आहे हे आपल्याला आकड्यात सांगता आलं पाहिजे. आकडा आपल्या बाजूचा असो का आपल्या विरुद्ध असो, तो आपल्या वहीत असला पाहिजे. आपल्या वहीत नसला तर दुसरा कोणीतरी त्याच्या वहीत लिहील, आणि तेच खरं धरलं जाईल.

नदी कुठून कुठे जाते

आपली मोर नदी सातपुड्यातून निघते. इथले नाले, झिरे तिला मिळतात. खाली पायथ्याला हिंगोण्याजवळ तिच्यावर धरण आहे. तिथून ती आमोद्याकडून तापीकडे जाते. शेजारी रावेर तालुक्यात सुकी नदीचं तसंच. पालकडच्या डोंगरातून येते, गारबर्डीला धरण आहे, मग तापी. तापी स्वतः मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यात मुलताईला निघते आणि 724 किलोमीटर चालून सुरतेकडे समुद्राला मिळते. म्हंजे आपल्या झिऱ्यातला थेंब लई लांब जातो.

पण सगळं पाणी नदीतून वाहत जात नाही. डोंगर संपतो आणि सपाटी सुरू होते, तिथे दगडगोट्यांचा एक पट्टा आहे. तुम्ही बघितलंच आहे, पावसाळ्यात नदी डोंगरातून भरून उतरते आणि त्या गोट्यांत येऊन निम्मी गायब होते. भूजलवाले त्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. तिथे पाणी जमिनीत मुरतं आणि जमिनीखालून तापीच्या गाळाच्या मातीत जातं. यावल-रावेरच्या केळीच्या विहिरी आणि ट्यूबवेल त्याच पाण्यावर चालतात. गेली कित्येक वर्षं त्या विहिरी खोल खोल चालल्या आहेत, कारण उपसा जास्त आणि मुरणं कमी.

हे मी कशापायी सांगतो? खालच्या गावात आपल्याला 'अतिक्रमणवाले' म्हणतात. "यांनी जंगल तोडलं, म्हणून आमचं पाणी आटलं," असं बाजारात ऐकवतात. त्याला आपण रागाने उत्तर देतो, शिवीला शिवी देतो. त्याने काही सिद्ध होत नाही. पाणी वर कसं आहे, खाली कसं आहे, कुठे बिघडतं, हे मोजून दाखवलं तर बोलणं बदलतं. खालच्या शेतकऱ्याचंही पाणी आपल्याच डोंगरातून जातं, त्यालाही हे कळलं पाहिजे. तो आपला दुश्मन नाही. त्याच्या विहिरीचं आणि आपल्या झिऱ्याचं नातं आहे.

कायद्यात पाणी कुठे आहे

वनहक्क कायदा 2006 चा. आपण त्याला जमिनीचा कायदा म्हणतो. पट्टा, सातबारा, 13 डिसेंबर 2005 ची तारीख, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्या कायद्यात पाणी चार ठिकाणी आहे. पोरांनो, लिहून घ्या.

पहिलं, कलम 3, पोटकलम 1. त्यात सामूहिक हक्क आहेत. पाण्यातले मासे आणि पाण्यातलं बाकीचं उत्पन्न यावर गावाचा हक्क त्यात धरला आहे.

दुसरं, कलम 5. इथे ग्रामसभेला अधिकारही दिला आहे आणि कामही लावलं आहे. जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखायची. आणि त्याच्या पुढे लिहिलं आहे की पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत नीट सांभाळले जातील हे बघायचं. हे कोणी बघायचं? ग्रामसभेने. म्हंजे उद्या तुम्ही नदीवर जाणार ते कोणाच्या मेहेरबानीने नाही. कायद्याने ते काम गावावर टाकलं आहे. त्यासाठी नियम 4 खाली ग्रामसभेने समितीही नेमायची असते. आपल्याकडे ती कागदावर नेमली आहे. उद्यापासून ती नदीवर दिसू द्या.

तिसरं, कायद्याचे नियम, त्यातला नियम 13. पुरावा कोणता चालतो ते त्यात आहे. सामूहिक हक्कासाठी कोणते पुरावे? चराईची जागा, कंदमुळं आणि वनोपज गोळा करायची जागा, मासेमारीची जागा, आणि माणसांच्या व जनावरांच्या पाण्याचे स्रोत. समजलं? जो झिरा तुमची आजी वापरायची, तो झिरा पुरावा आहे. जिथे ढोरं पाणी प्यायची तो डोह पुरावा आहे. पण त्याचं नाव, जागा, कोण कधीपासून वापरतं, उन्हाळ्यात किती टिकतं, हे कागदावर आलं पाहिजे. उद्या पाणी तपासताना हे सगळं आपोआप लिहिलं जाईल. आजोबा, तुमच्या सवालाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

चौथं, कलम 3, पोटकलम 2. आपल्याला नेहमी ऐकवतात, "जंगलाची जमीन आहे, नळ देता येत नाही, टाकी बांधता येत नाही." या पोटकलमात तेरा सोयी दिल्या आहेत. त्यात शाळा आहे, दवाखाना आहे, रस्ता आहे, पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाईपलाईन पण आहे. एका कामाला एक हेक्टरच्या आत जमीन लागत असेल, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील आणि ग्रामसभेने शिफारस केली असेल, तर त्या कामाला जंगलाची जमीन देता येते. म्हंजे पाणी पिण्यासारखं नाही हे आपण दाखवलं, तर ग्रामसभेच्या ठरावात कारण आकड्यासकट येतं. "पाणी खराब आहे" आणि "पाणी तपासलं, तीनदा तपासलं, तीनही वेळा बाटली काळी झाली" यात फरक आहे. पहिला अर्ज टेबलावर पडून राहतो. दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक. आपल्या डोंगरात 1969 पासून यावल अभयारण्य आहे. अभयारण्यातल्या गावांना उठवायचं म्हटलं की सगळे घाबरतात. पण कायदा सांगतो की आधी सिद्ध करा. लोकांच्या राहण्याने वन्यजीवांचं भरून न येणारं नुकसान होतं हे दाखवा, दोघांनी मिळून राहायचा दुसरा रस्ता उरला नाही हे दाखवा, आणि मग ग्रामसभेची राजीखुशीची लेखी संमती घ्या. उद्या कोणी नुकसानाचा कागद घेऊन आला, तर आपल्याकडे दहा वर्षांची पाण्याची वही असली पाहिजे. त्या वेळी बसून वही तयार करता येत नाही. आजच सुरू करावी लागते.

पाण्याला काय विचारायचं

आता तपासणीचं. सोपं करून सांगतो. पाणी दिसायला स्वच्छ असलं म्हणून चांगलं नसतं, आणि गढूळ असलं म्हणून विषारी नसतं. म्हणून पाण्याला वेगवेगळे प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, तू आम्लधर्मी का अल्कधर्मी? याला पीएच म्हणतात. कागदाची पट्टी बुडवायची, रंग बघायचा. पिण्याच्या पाण्याचा पीएच साडेसहा ते साडेआठ असावा, असं सरकारी मानक आहे.

दुसरा प्रश्न, तू गढूळ किती? एका लांब पारदर्शक नळीच्या तळाला काळी फुली काढायची. पाणी ओतत जायचं, फुली दिसेनाशी झाली की किती सेंटिमीटर ते लिहायचं. ही नळी आपण इथेच बनवली आहे.

तिसरा प्रश्न, तुझ्यात मासा श्वास घेऊ शकतो का? पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळलेला असतो. थंड पाण्यात जास्त, गरम पाण्यात कमी. 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 30 अंशाला साडेसात. घाण पडली की ती कुजताना हा प्राणवायू खाते. तो 4 च्या खाली गेला की माशाला जड जातं. पहाटे डोहात मासे वर येऊन तोंड उघडतात ते तुम्ही बघितलं असेल. रात्री पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू सोडत नाहीत, उलट घेतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. म्हणून दर वेळी एकाच वेळेला मोजायचं. एकदा सकाळी, एकदा दुपारी असं केलं तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. पेटीत दोन औषधं आहेत. बाटलीत टाकली की प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, अजिबात नसेल तर पांढराच राहतो.

चौथा प्रश्न, तुझ्यात नायट्रेट किती? युरिया आणि शेणामुताची घाण मुरली की नायट्रेट वाढतं. लिटरला 45 मिलिग्रॅम ही हद्द आहे. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि मायबहिणींनो, हे नीट ऐका, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट घट्ट होतं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराला जास्त नायट्रेटच्या पाण्यात दूध कालवून दिलं तर लेकरू निळं पडू शकतं. अशा पाण्याला उकळणं हा इलाज नाही, दुसरा झिरा हाच इलाज.

पाचवा प्रश्न सगळ्यात मोठा. तुझ्यात माणसाच्या-जनावराच्या विष्ठेचे जंतू आहेत का? हगवण, कावीळ, टायफॉईड यांचे जंतू याच वाटेने येतात. याची सोपी चाचणी 1982 मध्ये आपल्याच देशात, ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी काढली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. त्यात पाणी भरायचं, झाकण लावायचं, सावलीत उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर ते प्यायचं नाही. अक्षर न येणाऱ्या माणसालाही काळं-पांढरं कळतं. काळी झालेली बाटली मात्र फेकायची नाही. त्यात टीसीएल पावडरचं घट्ट पाणी ओतून, तासाभराने खड्ड्यात पुरायची. त्यात जंतू वाढलेले असतात.

सहावा प्रश्न पेटीत नाही, तो म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. पाण्यात कोण राहतं? नदीतला दगड उलटा करा. खाली तीन शेपट्यांचे चपटे किडे चिकटलेले दिसले तर पाणी चांगलं, त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. किडे नाहीत आणि गाळात नुसत्या लालबुंद अळ्या वळवळतात, तर पाणी बिघडलं. खेकडे कुठे होते, आता कुठे आहेत? कोणता मासा तीस वर्षांपूर्वी मिळायचा आणि आता दिसत नाही? हे मशीन सांगत नाही. हे आजोबा सांगतील, आणि पोरांनी पावरी, बारेली, तडवी, ज्या बोलीत नाव असेल त्या बोलीतच ते लिहायचं.

बायांचं ज्ञान पण वहीत आलं पाहिजे. कोणत्या पाण्यात डाळ शिजत नाही, कोणत्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे बायांना माहीत आहे. ते पाणी जड आहे, पट्टी तेच सांगेल. हंडा डोक्यावर कोण आणतं? बाया. म्हणून कोणत्या झिऱ्याचं पाणी आधी तपासायचं ते बायाच ठरवतील. हा या बैठकीचा नियम समजा.

बाटली भरायची रीत

पोरांनो, आता तुमच्यासाठी. पाणी कसं घेतलं यावर आकडा खरा का खोटा ते ठरतं.

आपण चार जागा धरल्या आहेत. एक, पाड्याचा पिण्याचा झिरा. दोन, नदी सगळ्या घरांच्या आणि शेतांच्या वर. तीन, शेवटच्या शेताच्या खाली, धरणाच्या आधी. चार, खाली आमोद्याकडे, गावं आणि केळीचे मळे ओलांडल्यावर. चौथ्या जागेवर पाणी नसलं तर वहीत 'कोरडी' असं लिहायचं. पान रिकामं सोडायचं नाही. नदी कोणत्या महिन्यात कोरडी पडली हाही आकडाच आहे.

बाटली नदीच्या पाण्याने तीनदा खंगाळायची. फक्त जंतूंची बाटली खंगाळायची नाही, ती आधीच शुद्ध केलेली असते. बाटलीच्या तोंडात बोट घालायचं नाही. पाणी येतं तिकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली पाण्याच्या थोडी खाली धरायची, तळाचा गाळ हलवायचा नाही. प्रत्येक जागी दोन बाटल्या. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि एकमेकांना न विचारता लिहायचं. दोन आकडे जवळ आले तर बरोबर. लांब आले तर तिसऱ्यांदा मोजायचं. जंतूंचा नमुना प्रयोगशाळेला द्यायचा असेल तर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा.

वहीत तारीख, वेळ, जागा, कालपर्वा पाऊस झाला का, वर कोणी ढोरं धुतली का, कोणी फवारणीचा पंप धुतला का, सगळं लिहायचं. खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला नवं लिहायचं आणि सही करायची. खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे. ज्या वहीत काहीच चुकलेलं नाही, त्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

आपल्या विरुद्धचा आकडा

आता कडू बोलतो. समजा, दुसऱ्या जागी पाणी फुली दिसण्याइतकं निर्मळ आलं आणि तिसऱ्या जागी, आपल्या शेतांच्या खाली, पहिल्या पावसानंतर चहासारखं आलं. मग काय करायचं? पान फाडायचं?

नाही. ते पान आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. उतारावर नांगर मारला, बांध घातला नाही, तर माती जाते. ती माती आपल्याच शेताची. ज्या जमिनीसाठी लाठ्या खाल्ल्या, जेलात गेलो, ती जमीन नाल्यातून धरणात चालली. पट्टा हातात यायच्या आधी शेत वाहून गेलं तर पट्ट्याचं काय करायचं? आकडा आला तर कोणत्या नाल्यावर आधी काम करायचं ते कळेल. दगडी बांध, उताराला आडवी नांगरट, नाल्याकाठची झाडं, ही कामं रोजगार हमीतून मागता येतात. ती केल्यावर पुढच्या पावसात परत मोजायचं. आकडा सुधारला तर ग्रामसभेने पाणलोट राखलं याचा तो पुरावा. भाषणापेक्षा तो पुरावा मोठा.

दुसरं कडू. डोहात औषध ओतून मासे मारणं. पूर्वी आपले लोक झाडाची साल, फळं कुटून टाकायचे. मासा गुंगायचा, थोड्या वेळात पाणी पुढे निघून जायचं. आता फवारणीचं औषध ओततात. त्यात पिल्लं मरतात, खेकडे मरतात, ते पाणी पिणारं ढोर मरतं. एंडोसल्फानवर 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर बंदी घातली, पण दुकानात दुसरी औषधं आहेतच. माशांवर आपला हक्क कायद्याने मान्य केला. त्या हक्काने डोह राखायचा का मारायचा हे ग्रामसभेने ठरवायचं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने काय केलं? गावात अभ्यास गट केला. बसून विचार केला, मग ठराव केला. मध काढताना पोळं जाळायचं नाही, मधाचाच भाग कापायचा, हे त्या अभ्यासातून आलं. आधी अभ्यास आणि मग निर्णय, अशी त्यांची रीत. त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबूवर स्वतःचा ताबा मिळवण्यासाठी ते लढले. 2011 मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. अभ्यास करणाऱ्या गावाला डावलणं सोपं नसतं.

पोरांचं कोण ऐकतं?

पोरं विचारतात, "सर, आमचं कोण ऐकणार?" एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात हुरॉन नावाची नदी आहे. 1980 च्या दशकात तिथल्या एका हायस्कूलची काही पोरं नदीवर खेळायला गेली आणि त्यांना कावीळ झाली. बाकीच्या पोरांनी विचारलं, नदीने झाली का? विल्यम स्टॅप नावाच्या प्राध्यापकाने त्यांना पाणी तपासायला शिकवलं. पोरांना दिसलं की पाऊस पडून गेला की नदीत विष्ठेचे जंतू वाढतात. म्हंजे पावसाच्या गटारांतून घाण येत होती. एरवी बघितलं असतं तर पाणी ठीकच वाटलं असतं. ती रीत मग शाळाशाळांतून पसरली, दुसऱ्या देशांतही गेली. त्या पोरांकडे तुमच्यापेक्षा पैसे जास्त होते, पेटी भारी होती. पण त्यांनी केलं ते तुम्ही करू शकता. कधी मोजायचं ते त्यांनी हुशारीने ठरवलं. आपणही पहिल्या पावसाच्या आधी, लगेच नंतर, दिवाळीला आणि मे महिन्यात, असं वर्षातून चारदा मोजू.

आणि खाली काय चाललं आहे तेही माहीत असू द्या. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशात 351 नदीपट्टे प्रदूषित होते. त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रातले. तापी त्यात होती. तापीत शहरांची गटारं जातात, कारखान्यांचं पाणी जातं. एवढी यादी झाली, पण "नदी कोण बिघडवतं" म्हटलं की बोट डोंगराकडेच वळतं. आपली वही या बोटाला उत्तर देईल.

वहीची हद्दही सांगून ठेवतो, म्हंजे उद्या कोणी फसवणार नाही. कारखान्यावर 1974 च्या पाणी कायद्याने खटला भरायचा तर मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला नमुना लागतो. आपला नमुना त्या जागी चालत नाही. मग आपल्या वहीचा उपयोग काय? अधिकाऱ्याला नमुना घ्यायला कुठे, कधी यायचं ते सांगणं. आणि तो आला नाही, तर का आला नाही ते विचारणं.

वहीचं पुढे काय करायचं

शेवटचं. तपासून झालं, पेटी बंद झाली, फोटो काढले, असं होऊ द्यायचं नाही. मी चार गोष्टी सुचवतो, ग्रामसभेने ठरवायच्या.

एक. वहीच्या दोन प्रती. एक शाळेत, एक ग्रामसभेकडे. दर तपासणीनंतर आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचायचे, आपल्या बोलीत समजावून सांगायचे, इतिवृत्तात नोंद करायची. ज्या झिऱ्याची बाटली काळी झाली, त्याच्या शेजारी त्याच दिवशी लाल दगड ठेवायचा. लहान लेकरालाही कळलं पाहिजे.

दोन. ग्रामपंचायतीला विचारायचं, आपल्या पाण्याला कोणतं कार्ड आहे? सरकारी तपासणीनंतर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं का लाल कार्ड मिळतं. विचारा, तो नमुना कुठला होता? गावठाणातल्या टाकीचा, का आपल्या पाड्याच्या झिऱ्याचा? हिरवं कार्ड टाकीचं आणि काळी बाटली पाड्याची, असं असेल तर ते लेखी विचारायचं. जिल्हा प्रयोगशाळेचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतात. जलजीवन मिशनमध्ये दर गावी पाच बायांना तपासणीची पेटी आणि शिक्षण द्यायचं ठरलं आहे. आपल्या पाड्यातल्या पाच कोण? नावं विचारा. नसतील तर आजच पाच नावं द्या.

तीन. सगळे झिरे, डोह, पाणवठे यांचा नकाशा. जमिनीवर रांगोळीने काढा, मग कागदावर उतरवा. सामूहिक हक्काच्या दाव्याला तो जोडायचा. वहीची नक्कल सोबत जोडायची. पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही, हे तर तुम्हाला शिकवायला नको.

चार. खालच्या गावांच्या शाळांना बोलवायचं. त्यांची पोरं आणि आपली पोरं एका दिवशी, एका वेळी, एकाच नदीचं पाणी मोजतील. वरचा आकडा आपण त्यांना देऊ, खालचा ते आपल्याला देतील. बाजारात भांडण होतं ते या वहीवर बोलून मिटेल का, मला खात्री नाही. पण बोलणं तरी सुरू होईल.

आजोबा, तुमचा सवाल मी विसरलो नाही. दावे पडून आहेत, मोजणी अर्धी आहे, त्यासाठी मोर्चा काढायचाच आहे आणि तारीख आज इथेच ठरेल. पण त्या मोर्चात या वेळी पोरांच्या हातात ही वही असेल. "जमीन द्या" म्हणताना आपण हेही सांगू की या जमिनीचं, या जंगलाचं, या पाण्याचं आम्हाला काय माहीत आहे. 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की प्रदूषण नसलेलं पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो हक्क शहरातल्या माणसाचा आहे तसाच झिऱ्यावर वाटीने पाणी भरणाऱ्या बाईचा आहे.

उद्या सकाळी सात वाजता झिऱ्यावर जमायचं. भाकर बांधून आणा. पाच बायांची नावं आज रात्री कारभाऱ्यांकडे द्या. पहिली बाटली त्या भरतील.

जल, जंगल, जमीन जिंदाबाद! जोहार!